हंगाम पाच गटांचा, सभागृह विद्यापीठाचे

थंडीतल्या शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास सराफ्यात शिरलात, तर गराडूच्या कढईभोवती दोन तऱ्हेची माणसे दिसतील. काही नुसती खायला आलेली, काही नाटक पाहून आलेली. दुसरी लगेच ओळखू येतात. जीरावन भुरभुरलेला गराडू गार होत असतो आणि वाद नायिकेच्या आवाजावर चाललेला असतो. ‘भिया, दुसरा अंक जरा लंबाच झाला न?’ असे कोणीतरी म्हणतो आणि मागच्या रांगेतल्या काकू त्याला उलट उत्तर देतात. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो तो हाच बाजार. सराफांची शटरे खाली आली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, दहीबडे आणि जलेब्यांची दुकाने लागतात. इंदुरी मराठी माणसाची खरी नाट्यसमीक्षा इथे होते, आणि छापून येणाऱ्या समीक्षेपेक्षा ती बरीच कडक असते.

हे प्रेक्षक येतात खंडवा रोडवरून. देवी अहिल्या विद्यापीठाच्या तिथल्या सभागृहात ‘सानंद न्यास’ मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके आणतो. सभासदांचे पाच गट आहेत: रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत आणि बहार. नावे वाचली तरी शहराचा निम्मा सांस्कृतिक इतिहास कळतो. रामूभैया हे अरुण दाते यांचे वडील आणि मोठे रसिक, मामा मुजुमदार गायक. बारपुते ‘नई दुनिया’चे संपादक, हिंदी पत्रकारितेत नाव कमावलेला हा माणूस बाबा डिके यांच्या ‘नाट्यभारती’च्या मराठी नाटकांत रमत असे. प्रत्येक गटाचा प्रयोग वेगळा. शनिवारी दोन, रविवारी तीन, म्हणजे एका नाटकाचे सलग पाच प्रयोग.

हे गणित नीट पाहण्यासारखे आहे. मुंबईहून इंदूर सुमारे सहाशे किलोमीटर. नटांची बस, सेटचा ट्रक, मुक्काम, मानधन हे सगळे एका प्रयोगाच्या तिकिटांतून निघणे कठीण. पाच प्रयोगांत तो खर्च विभागला जातो आणि दौरा परवडतो. रंगमंचामागच्या मंडळींनाही याचे सुख असते. मुंबई-पुण्यात एकाच नाट्यगृहात सकाळी एक, दुपारी दुसरे, रात्री तिसरे नाटक. प्रयोग संपला की फ्लॅट्स उतरवायचे, प्रकाशयोजना सोडवायची आणि पुढच्याला जागा द्यायची. इथे शनिवारी सेट उभा राहिला की रविवारी रात्रीपर्यंत त्याचा खिळाही हलत नाही. हाल होतात ते नटाच्या गळ्याचे. रविवारचा तिसरा प्रयोग पाहणाऱ्या गटाने टाळ्या जरा सढळ हाताने वाजवाव्यात.

या पद्धतीचे मोठेपण असे, की सभासद वर्षाची वर्गणी आधी भरतो. नाटकाचा व्यवसाय ज्या अनिश्चिततेवर चालतो, ती इथे जवळजवळ उरत नाही. पण प्रेक्षक हक्काचा झाला की निवडही सावध होते. ओळखीचे चेहरे, आटोपशीर पात्रसंख्या, कुटुंबासह पाहता येईल असा विषय. यात आयोजकांचा दोष नाही. पाच गटांतल्या सगळ्या वयाच्या माणसांना सांभाळायचे तर दुसरे काय करणार? तरी काही नाटके या चाळणीतून खाली येतच नाहीत. ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. 1972 साली रंगमंचावर आलेल्या या नाटकात माणसांची अख्खी भिंत उभी राहते. एवढा ताफा घेऊन दौरा करायला आज कोण धजावेल?

धजावू शकतो तो विद्यापीठाचा नाट्यविभाग. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 साली सुरू झाले. सतीश आळेकर यांनी त्याची धुरा अनेक वर्षे वाहिली. मुंबई विद्यापीठात वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने 2003 मध्ये नाट्यकला अकादमी आली. अशा विभागांचा हंगाम तिकीटबारीवर ठरत नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाला काम मिळाले पाहिजे, म्हणून मोठ्या पात्रसंख्येची नाटके तिथे अडचणीची न ठरता सोयीची ठरतात. कोणी दिवे सांभाळतो, कोणी नेपथ्य, आणि फसलेला प्रयोगसुद्धा अभ्यासात जमा होतो. त्यांना भासते उणीव प्रेक्षकांची. महिना-दोन महिने तालीम करायची आणि मोजके प्रयोग करून, तेही बहुतेक ओळखीच्यांसमोर, नाटक गुंडाळायचे. अनोळखी माणूस कुठे हसतो, कुठे खोकतो, हे मुलांना कळणार कधी?

आपल्याकडे नेमके तेच आहे: पाच गट, पाच वेगवेगळे स्वभाव आणि विद्यापीठाचेच सभागृह. शनिवारी चुकलेली जागा रविवारी सकाळी सुधारायची संधी विद्यार्थ्याला याहून चांगली कुठे मिळेल? म्हणून इंदूरच्या सभासदांना विनंती, की पुढच्या हंगामाविषयी सूचना कराल तेव्हा एक जागा विद्यार्थ्यांच्या नाटकासाठी मागा. त्यात टीव्हीवरचा चेहरा नसेल, हे मात्र आधीच मान्य करा.