पद्मिनी रोज रस्त्यावर, मग विमा कोणता?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, काँटेसा, पहिल्या पिढीतली मारुती ८००. या गाड्या आजही महाराष्ट्रात चालतात. रविवारी धूळ झटकून फोटो काढण्यापुरत्या नाही, तर मंडईत जायला, मुलांना शाळेत सोडायला, पुण्याहून साताऱ्याला जाऊन यायला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या मुदतीमुळे थांबली, पण ती मुदत टॅक्सीसाठी होती. खासगी पद्मिन्यांना ती कधीच लागू नव्हती.

अशा गाडीच्या मालकाला विम्याबद्दल सल्ले भरपूर मिळतात आणि बहुतेक दोन टोकांचे असतात. एक म्हणतो, जुनाट गाडी आहे, थर्ड पार्टी काढून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, विंटेजमध्ये टाका, निम्म्यात काम होईल. रोज चालणाऱ्या गाडीला हे दोन्ही सल्ले महागात पडतात. गाडी किती जुनी आहे, यापेक्षा ती कशी वापरली जाते आणि तिची किंमत पॉलिसीवर किती लिहिली आहे, यावर सगळं ठरतं.

“पन्नास वर्षं झाली ना? विंटेज नोंदणी करा, प्रीमियम निम्मा होतो.”

प्रीमियम निम्मा होतो, हे खरं आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या थर्ड पार्टी दरांत विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला ५० टक्के सवलत आहे. पण ती नोंदणी म्हणजे काय, हे सल्ला देणारा सांगत नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात जपलेली, मोठे फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. आणि ही गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक अभ्यासासाठी, विंटेज रॅलीसाठी, तिथे जाण्या-येण्यासाठी, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेण्यासाठी. नेहमीच्या वापराला मनाई आहे.

आता हिशेब करा. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी प्रीमियम ३,४१६ रुपये, वर जीएसटी. त्यातले १,७०८ रुपये वाचवण्यासाठी वीस हजार भरायचे आणि रोज गाडी चालवायचा हक्क सोडून द्यायचा! शिवाय विंटेज नोंदणीची गाडी कामावर जाताना कुठे धडकली, तर वापराची अट मोडल्याचा मुद्दा विमा कंपनीच्या हाती आयताच जातो.

पन्नास वर्षं भरली की गाडी आपोआप विंटेज होत नाही. ती नोंदणी मालकाने अर्ज करून घ्यायची असते. साधी खासगी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून पुढे चालू ठेवता येते, आणि रोजच्या गाडीला तेच योग्य.

“गाडीला किंमतच उरली नाही, थर्ड पार्टी पुरे.”

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे कंपन्यांमध्ये घासाघीस करण्यात अर्थ नाही. १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, म्हणजे ७९६ सीसीची मारुती ८०० यात आली. १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. दोन ॲम्बेसेडर शेजारी उभ्या असल्या, तरी १४८९ सीसीचं जुनं इंजिन असलेली एका दरात आणि १.८ लिटरचं इसुझू इंजिन असलेली दुप्पटीहून जास्त दरात. आर.सी.वरची सीसी नीट तपासून घ्या.

पण या सल्ल्यातली गंभीर गोष्ट वेगळीच आहे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तुमच्याच गाडीत तुमच्या शेजारी बसलेली माणसं येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बालकृष्णन या खटल्यात हा फरक स्पष्ट केला: कायद्यापुरत्या पॉलिसीत खासगी गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर येत नाही, पॅकेज पॉलिसीत येते. पॅकेज म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतो ती. ज्या गाडीत एअरबॅग नाही, मागे सीटबेल्ट नाही, तिच्यात आईवडिलांना आणि मुलांना बसवताना हा फरक प्रीमियमच्या हिशेबाबाहेर ठेवायला हवा. रोजच्या गाडीला पॅकेज पॉलिसीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं पहिलं कारण हे आहे. पत्र्याची काळजी त्यानंतर.

पत्र्यासाठीही ती लागतेच. चोरी, आग, स्फोट, आपोआप पेट घेणं, पूर, वादळ, दरड कोसळणं हे सगळं पॅकेज पॉलिसीत असतं. कार्बोरेटर आणि चाळीस वर्षांची वायरिंग असलेल्या गाडीला आगीचा धोका नव्या गाडीपेक्षा जास्त, आणि घाटात दरडीखाली सापडलेल्या गाडीचं वय दरड पाहत नाही. गाडी ट्रकवर चढवून दुसऱ्या गावच्या मिस्त्रीकडे पाठवत असाल, तर रस्त्याने किंवा रेल्वेने नेताना झालेलं नुकसानही त्यात धरलेलं असतं. फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

“आयडीव्ही कंपनी ठरवते, आपल्या हातात काही नसतं.”

सगळ्यात मोठा गैरसमज हाच आणि सगळ्यात जास्त पैसे बुडतात तेही इथेच.

आयडीव्ही म्हणजे विमा उतरवलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली, तर जास्तीत जास्त तेवढे पैसे मिळतात. नव्या गाडीचा आयडीव्ही तक्त्यावरून निघतो: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, मग वर्षागणिक वाढत जाऊन पाचव्या वर्षी ५० टक्के. तिथे तक्ता संपतो. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचा आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलचा आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचा, असं मोटार टॅरिफमध्येच लिहिलेलं आहे. पद्मिनी दोन्ही बाबतींत या नियमात बसते. म्हणजे जिथे मालकाला बोलायचा पूर्ण अधिकार आहे, नेमका तिथेच तो गप्प बसतो. एजंट मागच्या वर्षीच्या आकड्यातून काहीतरी वजा करतो आणि मालक सही करतो.

आकडा कमी असला की प्रीमियम थोडा कमी होतो, हे पाहून बरं वाटतं. पण पॅकेज पॉलिसीत आणखी एक अट असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. समजा आयडीव्ही ४०,००० रुपये लिहिला आहे. मग दुरुस्तीचं बिल ३०,००० रुपयांच्या वर गेलं की झालं. पुढचा मडगार्ड, दरवाजा, बंपर, ग्रिल आणि दोन दिवे, एवढ्यात तो आकडा सहज ओलांडतो. जी गाडी महिन्याभरात पुन्हा रस्त्यावर आली असती, ती कागदावर भंगार ठरते. हातात चाळीस हजार, आणि तशी गाडी त्या पैशांत कुठेही मिळत नाही.

म्हणून नूतनीकरणाच्या महिनाभर आधीच तयारी करावी. परवानाधारक सर्व्हेअरकडून किंवा मूल्यांकनकाराकडून किमतीचा अहवाल घ्यावा. गेल्या काही वर्षांची रंगकामाची, इंजिन उघडल्याची, सुट्या भागांची बिलं जोडावीत. चारही बाजूंचे, आतले, इंजिन नंबर आणि चासी नंबरचे तारीख असलेले फोटो काढावेत. मग शाखेत जाऊन किंवा ईमेलने आयडीव्ही मागावा. ऑनलाइन फॉर्ममध्ये बंद झालेलं मॉडेल अनेकदा सापडतच नाही, आणि सापडलं तरी आकड्याची मर्यादा ठरलेली असते. अशा वेळी शाखेतला माणूसच उपयोगी पडतो. एका कंपनीने नाही म्हटलं तर दुसरीकडे जावं. समजा दर तीन टक्के असेल, तर आयडीव्ही एक लाखाने वाढवल्यावर प्रीमियम तीन हजारांनी वाढेल. जीव लावलेल्या गाडीसाठी हा खर्च मला योग्य वाटतो.

ठरीव रकमेच्या पॉलिसीबद्दलही बरंच ऐकू येतं. घसारा न कापता आधी ठरलेली पूर्ण रक्कम देणारी ही पॉलिसी जुन्या टॅरिफने विंटेज गाड्यांपुरतीच मोकळी ठेवली होती. तिथे विंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. सत्तरच्या दशकातली पद्मिनी त्यात नाही. पण त्यात निराश होण्यासारखं फारसं काही नाही, कारण टोटल लॉसमध्ये पॉलिसीवर लिहिलेला आयडीव्हीच बाजारभाव मानला जातो, त्या वर्षात त्यातून आणखी घसारा कापत नाहीत. योग्य आकडा लिहून घेतला, तर साध्या पॉलिसीतूनही जवळजवळ तेच साधतं.

“फुल इन्शुरन्स आहे, म्हणजे गॅरेजचं सगळं बिल मिळणार.”

मिळत नाही. दहा वर्षांपुढच्या गाडीला नव्याने बसवलेल्या धातूच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवरही ५० टक्के. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काही नाही. रंगाच्या मालावर ५० टक्के. हा घसारा टाळणारं ‘झिरो डेप’ सहसा गाडीच्या पहिल्या पाच-सात वर्षांतच देतात. जुन्या गाडीला ते मिळेल, असं एजंट सांगत असेल तर लेखी मागा.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. घसारा बदललेल्या भागावर लागतो, मजुरीवर लागत नाही. या गाड्यांचा पत्रा जाड. जाणता मिस्त्री दरवाजा बदलायला सांगत नाही, ठोकून सरळ करून देतो. गाडीचा मूळ भाग टिकतो आणि क्लेमही जास्त मंजूर होतो. मात्र त्याचं बिल हवं. जुन्या बाजारातून बिलाशिवाय आणलेला दिवा किंवा बंपर सर्व्हेअर सहसा हिशेबात धरत नाही.

झीज आणि यांत्रिक बिघाड कोणत्याच पॉलिसीत नसतो. गिअरबॉक्स गेला, डायनॅमो बंद पडला, तर तो खर्च आपलाच. पावसाळ्यात पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करायचा प्रयत्न करू नका. पुराचं नुकसान पॉलिसीत आहे, पण पाणी शिरलेलं इंजिन फिरवल्यामुळे जे तुटलं, ते तुमच्या कृतीचं फळ, असं म्हणून कंपनी नाकारू शकते. टो करून गॅरेजला न्या.

“पंधरा वर्षांनंतर विमा देतच नाहीत.”

देतात, पण आर.सी. चालू असायला हवी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बाद करण्याची चर्चा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या परिसराची आहे, सातारा-सांगलीची नाही. नोंदणी संपलेली असताना मात्र पॉलिसी असूनही क्लेम अडकतो. २०१४ च्या नरिंदर सिंग खटल्यात तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. नूतनीकरणाची तारीख विम्याच्या तारखेइतकीच जपायला हवी.

पीयूसी नसेल तर क्लेम बुडतो, ही अफवा. विमा नियामक आयआरडीएआयने ऑगस्ट २०२० मध्येच ते कारण चालत नाही असं स्पष्ट केलं. दंड होतो, तो वेगळा.

इंजिन बदललेलं असेल किंवा सीएनजी किट बसवलेलं असेल, तर ते आर.सी.वर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे नोंदवा. अनेक ॲम्बेसेडरमध्ये मागाहून दुसरं इंजिन बसवलेलं असतं, आणि सर्व्हेअर सगळ्यात आधी इंजिन नंबर पाहतो.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारे नातेवाईक तिथल्या क्लासिक पॉलिसीचं कौतुक सांगतात. ठरीव रक्कम, कमी प्रीमियम. त्या पॉलिस्यांना सहसा किलोमीटरची मर्यादा असते, गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवावी लागते आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी असावी लागते. आपला प्रश्न तर रोज चालवण्याचाच आहे. आपल्याकडे आयआरडीएआयने २०२२ मध्ये किलोमीटरवर आधारित पॉलिसीला परवानगी दिली आहे. महिन्यातून दोन-चारदाच गाडी काढणाऱ्याने ती विचारून पाहावी, रोज चालवणाऱ्याला तिचा फायदा होत नाही.

“गाडी वडिलांच्या नावावर आहे, चालतंय की.”

जुन्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. आजोबांनी घेतली, वडिलांनी चालवली, आता मुलगा चालवतो, पण आर.सी. आणि पॉलिसी वडिलांच्याच नावावर. पॉलिसीधारकाचा मृत्यू झाला, तर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तेवढीच चालते. त्या अवधीत वारसाने मृत्यूचा दाखला घेऊन आरटीओत नाव बदलावं आणि पॉलिसी आपल्या नावावर करावी. विकत घेतलेल्या गाडीचं तर आणखी कडक. थर्ड पार्टी संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण चौदा दिवसांत अर्ज करून बदलून घ्यावं लागतं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा असतो. तुमचा स्वतःचा बोनस ५० टक्क्यांवर पोहोचलेला असेल, तर दुसरी गाडी विकताना तो राखून ठेवल्याचं पत्र कंपनीकडून घ्या. ते पत्र तीन वर्षं चालतं आणि या जुन्या गाडीच्या पॉलिसीला लावता येतं. पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तर साठलेला बोनस शून्यावर येतो, आणि खंड पडलेल्या गाडीला पॅकेज पॉलिसी देण्यापूर्वी कंपनी तपासणी करून घेते.