राज्य बदलतें तेव्हां घरांत काय बदलतें ?

“आम्हांला राजकारणाशीं काय करावयाचें आहे ? आपला संसार बरा, आपला देवधर्म बरा,” असे उद्गार सुशिक्षित कुटुंबांतून वारंवार कानीं येतात. बोलणारांचा हेतु वाईट नसतो. परंतु शेतांतील पीक, मुलांची शाळा, देवळांतील मूर्ति, इतकेंच नव्हे तर घरच्या कागदपत्रांची लिपि, या ज्या गोष्टी आपण निव्वळ आपल्या समजतों, त्यांवर राजसत्तेचा हात किती खोलवर फिरलेला असतो, हें पाहावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. बुलढाणें जिल्ह्याची दक्षिण सीमा तेवढ्यास पुरेशी आहे.

माझ्या आजोबांची वडील भगिनी जाफराबादेस दिली होती. देऊळगांव राजाहून तें गांव बैलगाडीनें एका दिवसांत गांठतां येई. भाषा एक, कुलाचार एक, पंचांग एक. परंतु देऊळगांव वऱ्हाडांत, म्हणून इंग्रजी अंमलाखालीं; आणि जाफराबाद निजामाच्या राज्यांत. या आत्याबाई निपुत्रिक वारल्या, तेव्हां त्यांच्या जमिनीसंबंधींचा एक कागद आमच्या पेटींत येऊन पडला. कागद उर्दूंत होता. घरांत मोडी वाचणारे तिघे, संस्कृत जाणणारे दोघे, इंग्रजी येणारा एक. पण त्या कागदावरील एक अक्षर लावणारा कोणी नव्हता. पुढें अनेक वर्षांनीं मलकापुरांतील एका वृद्ध उर्दू शिक्षकांनीं तो मोठ्या आपुलकीनें वाचून दाखविला. जमीन गहाण होती आणि सोडवून घेण्याची मुदत केव्हांच टळून गेली होती. दोष कोणाचा ? कोणाचाच नाहीं. मात्र आमच्या दोन घरांमधून एक सीमा गेली होती, व ती आंखतांना आम्हांस कोणी विचारलें नव्हतें.

ही सीमा पडली कशी ? अकबराच्या काळीं मेहकर हें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें होतें. ‘ऐन-इ-अकबरी’ मध्यें लोणारच्या परिसराचें वर्णन आहे. कांच व साबण यांस लागणारे क्षार तेथें मिळतात व सरकारास त्यांपासून चांगलें उत्पन्न होतें, असें त्यांत सांगितलें असून, ब्राह्मण त्या क्षेत्रास विष्णुगया म्हणतात, हेंहि नमूद केलें आहे. तीर्थ आणि तिजोरी एकाच पानावर आलीं, तीं अशीं. पुढें १७२४ सालीं याच जिल्ह्यांतील साखरखेर्ड्याजवळ निजामुल्मुल्कानें मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैद्राबादच्या स्वतंत्र राज्याचा पाया घातला गेला. १८०३ च्या युद्धानंतर वर्धेच्या पश्चिमेचें वऱ्हाड नागपूरकर भोंसल्यांच्या हातून गेलें व निजामाकडे आलें. नंतर कंटिंजंट नांवाच्या फौजेचा खर्च निजामास झेपेना, कर्ज वाढत गेलें, आणि १८५३ च्या तहानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यांत गेलें. त्याच तहानें धाराशिवाकडील मुलूखहि गेला होता. तो १८६० सालीं परत मिळाला, वऱ्हाड मात्र मिळालें नाहीं. १९०२ मध्यें तर वार्षिक २५ लक्ष रुपयांवर प्रांत कायमच्या पट्ट्यानें दिला गेला. मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची; आणि रयत जेथल्या तेथें !

आतां या सीमेच्या दोन्ही अंगांस काय घडलें तें पाहूं. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडील कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. मलकापूर, नांदुरा, शेगांव यांवरून जाणारा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. १८७० मध्यें खामगांवास फांटा आला व त्या समारंभास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उपस्थित होते. (खामगांव तेव्हां अकोला जिल्ह्यांत होतें, बुलढाण्यांत तें १९०५ सालीं आलें.) १८९७ मध्यें कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं वऱ्हाडास निराळा कायदा मिळाला. सीमेपलीकडे, तशीच जमीन व तसाच पाऊस असतां, जालन्यास आगगाडी दिसावयास १९०० साल उजाडलें. याचा अर्थ वऱ्हाड सुखी झालें असा कोणी घेऊं नये. युद्ध संपतांच कापसाचा भाव कोसळला, आणि ज्वारीच्या जागीं कपाशी पेरलेल्या शेतकऱ्यास परदेशच्या लढायांवर आपलें घर चालतें हें प्रथमच कळून आलें.

भाषेचेंहि तसेंच. वऱ्हाडांत कोर्टाची भाषा मराठी झाली. शाळा मराठी, म्हणून कारकून, वकील, मास्तर मराठी. हैद्राबाद राज्यांत १८८४ पर्यंत दरबारची भाषा फारसी होती, नंतर उर्दू झाली. १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें तें उर्दू माध्यमाचें. उर्दू ही गोड व समृद्ध भाषा आहे, तिच्याविषयीं तक्रार नाहीं. पण आईची भाषा आणि अर्जाची भाषा यांत अंतर पडलें कीं घरांतील शहाणा माणूसहि कचेरींत मुका होतो. १९३८ सालीं ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानियांतील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यांत आलें, तेव्हां त्यांतील पुष्कळांना आश्रय मिळाला तो नागपूर विद्यापीठांत. एका राज्यांत जो अपराध, तो शेजारच्या प्रांतांत अपराध नव्हता.

धर्मही यांतून सुटत नाहीं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनें १५३४ सालीं पोपाचा अधिकार झुगारला. पुढील कांहीं वर्षांत तेथील मठ मोडले व त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. तुर्कस्तानांत १९२४ मध्यें खिलाफत रद्द झाली आणि १९२८ मध्यें लिपीच बदलली. आजोबांचें पत्र नातवास वाचतां येईना! हें वाचतांना मला आमच्या पेटींतील कागद आठवतो. आणि योगायोग असा कीं, पदच्युत झालेल्या त्या अखेरच्या खलिफाची कन्या दुर्रुशेहवार १९३१ सालीं निजामाच्या वडील पुत्रास दिली गेली. १९३६ मध्यें त्यास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, तेव्हां इस्तंबूलची ती राजकन्या नांवापुरती आपल्या वऱ्हाडची युवराज्ञी झाली.

तर मग राजसत्ता हीच सर्वस्व काय ? तसेंहि नाहीं. दोन शतकें फारसी-उर्दूंत दप्तर चाललें, तरी मराठवाड्यांतील ओंवी, कीर्तन व पंढरीची वारी खंडली नाहीं. शेगांवच्या श्रीगजानन महाराजांस कोणत्याहि राजानें गादी दिली नव्हती. त्यांची पालखी आज परळी-अंबाजोगाईवरून पंढरपुरास जाते, आणि जुनी सीमा कोठें ओलांडली हें वारकऱ्यांच्या ध्यानींहि येत नाहीं. राज्य हें घराचें दार बदलूं शकतें. घरांतील अंगाई बदलणें त्याला कठीण जातें.

१९४८ सालीं हैद्राबाद राज्य भारतांत आलें. १९५६ मध्यें वऱ्हाड व मराठवाडा एका राज्याखालीं आले व १९६० मध्यें महाराष्ट्र झाला. परंतु कुळकायदे तीन राहिले : मुंबईचा १९४८ चा, हैद्राबादचा १९५० चा, विदर्भाचा १९५८ चा. पुसलेली रेघ कागदांत अशी उरते. या कायद्यांनीं आमच्यासारख्या कित्येक घरांच्या जमिनी गेल्या, हें खरें. पण ज्यानें पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरिला, त्याच्या घरीं त्याच कायद्यानें दिवाळी आली, हेंहि तितकेंच खरें. हें दुसरें सत्य मान्य करावयास मला बरींच वर्षें लागलीं.

काळ राजाला घडवितो कीं राजा काळाला, हा संशय शांतिपर्वांत भीष्मांनीं निकालांत काढिला असून कौल राजाच्या बाजूनें दिला आहे. आतां राजा म्हणजे आपणच, आपलें मत. म्हणून “आम्हांला काय त्याचें” हें वाक्य आपल्या माजघरांतून हद्दपार झालें पाहिजे. निदान एवढें तरी करावें : घरांतील जुने कागद मोडी-उर्दू जाणणारे विरळ होण्यापूर्वीं वाचवून घ्यावे, आणि होणारे नवे कायदे जेवणानंतर सर्वांनीं, सुनामुलींसह, वाचावे. आमच्या पेटींतील त्या कागदास आतां मराठी भाषांतर जोडून ठेविलें आहे. जमीन आली नाहीं. पण पुढच्या पिढीवर तो कागद हातीं धरून मुकें बसण्याची वेळ येणार नाहीं.