तास सुटला

विद्यार्थ्यांची अशी एक ठाम समजूत असते, की तास सुटल्याची घंटा त्यांच्यापेक्षा मास्तरांनाच अधिक प्रिय असते. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बावीस वर्षे मराठी शिकवल्यावर मी शपथेवर सांगतो, की ही समजूत खोटी आहे. निदान माझ्यापुरती तरी. अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास मला नेहमीच अपुरा वाटे. घंटा झाली तरी माझे वाक्य संपत नसे, आणि पुढच्या तासाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक दाराशी येऊन सूचक खोकत. पुढे पुढे खोकण्याचे काम माझ्याकडेच आले, आणि त्यातूनच ही हकीगत घडली.

एम. ए. च्या पहिल्या वर्षाला असताना मला क्षय झाला होता. औषधे नेमाने घेतली आणि बरा झालो. पण क्षयाचे जंतू मेले तरी त्यांनी पोखरलेली जागा पूर्ववत होतेच असे नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. भाडेकरू घर सोडून जातो, पण त्याने भिंतीला पाडलेली भोके राहतात. माझ्या उजव्या फुप्फुसाचे तसे झाले. तिथल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या. निरोगी नलिका कफ वर ढकलून बाहेर टाकते. रुंदावलेल्या नलिकेत तो साचून राहतो, साचलेल्या कफात पुन्हा जंतू वाढतात, आणि प्रत्येक आजारपण त्या नलिकेची आणखी थोडी नासाडी करून जाते. त्यात आमचा मुलूख कापसाचा. खामगावला १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तो कापसाच्या बाजारासाठीच. दिवाळी झाली की जिनिंगची चाके फिरू लागतात, रुईची धूळ हवेत तरंगते, आणि माझा श्वास अडकू लागतो. वर्गात त्या धुळीला खडूची जोड मिळे.

तरी मी रेटत होतो. २०२३ च्या जानेवारीत मात्र भर वर्गात रुमाल लाल झाला. विद्यार्थी घाबरले. मी रुमाल खिशात घातला, फळ्यावरचे पुसले आणि तास पुरा केला. त्याचा मला त्या दिवशी अभिमानही वाटला, हे कबूल केले पाहिजे.

डॉक्टरांना तो मुळीच वाटला नाही. ते म्हणाले, “बोलू नका असं मी म्हणत नाही. पण दिवसाला चार-चार तास उभं राहून, शंभर मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलणं आता या फुप्फुसाला झेपणार नाही. किती वर्षं नोकरी झाली?” बावीस, मी म्हणालो. वीस वर्षे पुरी झाली की स्वेच्छानिवृत्ती मागता येते, हे त्यांनाही माहीत होते.

घरी येऊन मी सौभाग्यवतीपुढे आगरकरांना उभे केले. गोपाळ गणेश आगरकर आमच्या वऱ्हाडात, अकोल्याला शिकून मॅट्रिक झालेले. जन्मभर दम्याने पिडलेले. पण न्यू इंग्लिश स्कूल, फर्ग्युसन कॉलेज, ‘सुधारक’, कशात म्हणून माघार घेतली नाही. १८९२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. “आगरकरांनी सोडली का नोकरी?” मी विचारले.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, आगरकर अडतिसाव्या वर्षी गेले. यशोदाबाई आणि मुलं मागं राहिली. हेही शिकवता ना मुलांना?”

यावर उत्तर नव्हते. मी अर्ज लिहिला.

अर्ज मंजूर होऊन निरोपसमारंभाचा दिवस उजाडला. शाल झाली, श्रीफळ झाले, भाषणे झाली. ज्यांनी माझ्याविषयी बावीस वर्षांत एक बरा शब्द उच्चारला नव्हता तेही सद्गदित झाले. सगळे निभावले, पण घंटा वाजवणारा आमचा शिपाई फाटकापाशी आडवा आला. “सर, कायले सोडता हो? आता पोराईले कोन शिकवीन?” तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आले. त्याच्या घंटेवर माझे सारे तारुण्य सरले होते.

पुढचे काही महिने कसे गेले ते सांगण्यासारखे नाही. सकाळी साडेदहा वाजले की पाय आपोआप चपला शोधत. पुस्तक उघडले की मनातल्या मनात पाठाची टिपणे तयार होत, आणि मग ती कुणासाठी, हे आठवून पुस्तक मिटावे लागे. आवडत्या कामावरून माणूस वयाने निवृत्त होतो तेव्हा त्याच्या मनाची तयारी झालेली असते. शरीराने अर्ध्यातून उठवले, की वाढलेल्या पानावरून उठवल्यासारखे होते. घरात मी चिडचिडा झालो. भाजीत मीठ कमी आणि जगात न्याय कमी, अशा दोन तक्रारी एकाच सुरात करू लागलो.

अशा दिवसांत मला कुमार गंधर्व भेटले. म्हणजे गाणे पूर्वीही ऐकले होते. आता त्यांचे आजारपण भेटले.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा मुलगा. नाव शिवपुत्र कोमकळीमठ. लहानपणीच त्याच्या गाण्याने लोक थक्क होत. पुढे मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिक्षण झाले. नाव देशभर पसरले, १९४७ साली लग्न झाले, आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. त्या काळी क्षय म्हणजे काय होते, हे आजच्या पिढीला सांगून कळायचे नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरचे पहिले खरे औषध अमेरिकेत १९४३ साली सापडले होते. आपल्याकडच्या रोग्याच्या हाती ते यायला आणखी काही वर्षे जायची होती. तोवर कोरडी हवा, विश्रांती आणि दैव, एवढेच उपचार. १९४८ च्या जानेवारीत कुमार देवासला गेले. आमच्या जिल्ह्याची उत्तर सीमा सातपुड्यात मध्य प्रदेशाला भिडते. पुढे निमाड ओलांडून नर्मदा पार केली की माळवा लागतो. त्या माळव्यातले हे जुने मराठी संस्थानी गाव. तेथे वयाच्या तेविसाव्या वर्षी डॉक्टरांनी या गवयाला गाण्याची बंदी केली.

ही बंदी पाचेक वर्षे चालली. गवई अंथरुणावर पडून होता, पण कान उघडे होते. रस्त्याने जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, दारावर येणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजने त्याने ऐकली, मनात साठवली, पुढे त्यांची टिपणे केली. त्या लोकधुनांतून पुढे मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, संजारी असे नवे राग उगवले. ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या ग्रंथाने १९६५ साली ते जगापुढे ठेवले. नवे औषध मिळाले, रोग हटला. एक फुप्फुस कायमचे दुबळे झाले, पण १९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत गात राहिले.

हे सारे वाचून मला केवढा धीर आला! माझे अंथरूण म्हणजे देवास, आणि माझी गप्प बसलेली वर्षे म्हणजे साधना, असे मला वाटू लागले. एके रात्री जेवताना मी ही सगळी कथा रंगवून घरात सांगितली. मुले ऐकत होती. सौभाग्यवती वाढत होती. मी थांबल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

“पाच वर्षं ते गात नव्हते. मग घर कोण चालवत होतं?”

मी म्हणालो, त्यांच्या पत्नी भानुमतीबाई. त्यांनी देवासला शाळेत नोकरी धरली. त्यांनीच शुश्रूषा केली.

“त्या आधी काय करत होत्या?”

त्याही देवधरांच्याच विद्यालयात गाणे शिकल्या होत्या, मी सांगितले.

“मग त्यांचं गाणं?”

मी आमटीचे भांडे पुढे ओढले. भानुमतीबाईंच्या गाण्याविषयी मला सांगता येण्यासारखे काही नव्हते. १९६१ साली, दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्या वारल्या, एवढे मला माहीत होते. तेवढेच सांगितले. ती काही बोलली नाही. ताटे उचलून आत गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि या खेपेला दोष फुप्फुसाचा नव्हता. आमचे लग्न झाले तेव्हा ती बी. एस्सी., बी. एड. होऊन एका शाळेत विज्ञान शिकवीत होती. मुलांना आवडणारी बाई होती. २००८ साली माझ्या आईला अर्धांगवायू झाला, धाकटा मुलगा वर्षाचा होता, आणि हिने नोकरी सोडली. सोडली, म्हणजे काय झाले? काहीच झाले नाही. एका रविवारी बोलणे झाले आणि सोमवारपासून ती गेली नाही. शाल नाही, श्रीफळ नाही, फाटकापाशी आडवा आलेला शिपाई नाही. २०१३ साली आई गेली. त्यानंतरही, तू आता परत जातेस का, हे मी तिला विचारले नाही. मला सुचलेच नाही. तिला सकाळी साडेदहाला काय वाटत असेल, हा प्रश्न मला पडायला माझे स्वतःचे साडेदहा रिकामे व्हावे लागले.

आणि मी कोण? तर ताराबाई शिंद्यांवर व्याख्याने देणारा माणूस! ताराबाई आमच्या बुलढाण्याच्या. वडील इथल्याच सरकारी कचेरीत नोकरीला. सुरतेच्या एका तरुण विधवेला शिक्षा झाली, त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून त्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा रोखठोक सवाल केला. पुढे पुस्तक विस्मरणात गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले. माझा रुमाल लाल झाला तो याच पुस्तकाच्या तासाला. बावीस वर्षे मी ती तुलना फळ्यावर मांडली. स्वतःच्या घरात एकदाही करून पाहिली नाही.

सकाळी मी तिची क्षमा मागायला गेलो. ती म्हणाली, “क्षमा राहू द्या. पेन्शनमध्ये दोन्ही मुलांचं शिक्षण होणार नाही. गावातल्या शाळेत विज्ञानाची जागा आहे, मी काल अर्ज दिलाय. पगार थोडा आहे. सकाळचा स्वयंपाक तुम्हाला जमेल का, तेवढं सांगा.”

जमेल म्हणालो, आणि जमला. पोळ्यांचे नकाशे होतात हे खरे, पण भूगोलाला आमच्या घरी कुणी हसत नाही. पंधरा-सोळा वर्षांनी ती पुन्हा शाळेत गेली, त्या दिवशी फाटकापर्यंत मी पोचवायला गेलो. फाटकाच्या आत जाताना तिची चाल बदलली. ती चाल मी विसरून गेलो होतो.

आजार काही गेलेला नाही. वाफ घ्यावी लागते, पालथे पडून कफ काढावा लागतो, हिवाळ्यात नाकाला फडके बांधून हिंडावे लागते. वर्गाची आठवण आली की अजून पोटात तुटते. ते दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. आवडते काम सोडावे लागणे ही मोठीच गोष्ट आहे. मला उशिरा कळले ते एवढेच, की आमच्या घरात ती गोष्ट माझ्या आधी एकदा घडून गेली होती, आणि तिची नोंद कुणी ठेवली नव्हती.

संध्याकाळी दोन-चार जुने विद्यार्थी ओसरीवर येऊन बसतात. मी खुर्चीत बसून, हळू आवाजात, त्यांच्याशी पुस्तकांवर बोलतो. बोलता बोलता रंगतो, आवाज चढतो, श्वास तोकडा पडू लागतो. आतल्या खोलीत उद्याच्या पाठाची टिपणे काढीत बसलेल्या बाई तेव्हा पट्टीने टेबलावर दोनदा टक-टक करतात आणि म्हणतात,

“तास सुटला हो!”

विद्यार्थी हसतात. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच, घंटा झाल्याबरोबर थांबतो.