जेट स्ट्रीम म्हणजे काय? आर्क्टिकच्या वितळत्या बर्फाशी तिचं नातं काय, यावर शास्त्रज्ञांचं एकमत का होत नाही?

२०१० चा जुलै महिना. रशियात पारा चढला तो खाली यायचं नावच घेईना. २९ जुलैला मॉस्कोत ३८ अंशांच्या वर तापमान गेलं. जंगलं पेटली, शहरं धुरात बुडाली. या उन्हाळ्यात तिथे सुमारे ५५ हजार लोकांचा जीव गेल्याचा अंदाज आहे. त्याच दिवसांत पाकिस्तानात ढगफुटीसारखा पाऊस कोसळत होता. सिंधू नदीच्या पुराचा फटका जवळपास २ कोटी लोकांना बसला.

एकीकडे उष्णतेची लाट, दुसरीकडे महापूर. वरवर पाहता दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण नासाच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा दोन्ही संकटांना जोडणारा धागा आकाशात सापडला. तो धागा होता जेट स्ट्रीम.

जेट स्ट्रीम नेमकी असते काय?

जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्या थरात, वाऱ्याचे वेगवान पट्टे पृथ्वीभोवती वाहत असतात. यातले मुख्य पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. काही वेळा त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. न्यूयॉर्कहून लंडनला जाणारं विमान परतीच्या विमानापेक्षा साधारण तासभर लवकर पोहोचतं, ते याच वाऱ्यामुळे.

हा वारा तयार होतो तापमानातल्या फरकामुळे. विषुववृत्ताजवळची हवा गरम असते, ती प्रसरण पावते. ध्रुवाजवळची हवा थंड असते, ती आकसते. त्यामुळे उंचावर हवेच्या दाबात फरक पडतो आणि हवा ध्रुवाकडे निघते. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही हवा वाटेतच पूर्वेकडे वळते. तापमानातला फरक जितका जास्त, तितका वारा जोरदार.

हा पट्टा सरळ रेषेत वाहत नाही. तो कधी उत्तरेकडे उसळी घेतो, कधी दक्षिणेकडे झोल खातो. स्वीडनमध्ये जन्मलेले हवामानशास्त्रज्ञ कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९३९ मध्ये या लाटांचं गणित मांडलं, म्हणून त्यांना रॉस्बी लाटा म्हणतात. लाट पुढे सरकत राहिली की हवामान बदलत राहतं. लाट एका जागी अडकली की हवामानही तिथेच अडकतं. २०१० मध्ये हेच झालं. रशियावर उष्ण हवा ठाण मांडून बसली आणि पुढे दक्षिणेकडे झुकलेल्या प्रवाहाची गाठ पाकिस्तानवर मान्सूनच्या बाष्पाशी पडली.

जेनिफर फ्रान्सिस यांनी काय सांगितलं?

जेनिफर फ्रान्सिस या अमेरिकेतल्या हवामानशास्त्रज्ञ. ऐंशीच्या दशकात त्यांनी पतीसोबत शिडाच्या बोटीतून जगप्रवास केला. समुद्रात वाऱ्याचा अंदाज चुकला तर जीवावर बेतायचं. तिथूनच त्या हवामानशास्त्राकडे वळल्या.

२०१२ मध्ये त्यांनी स्टीव्ह वाव्‍रस यांच्यासोबत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आर्क्टिक भाग बाकीच्या जगापेक्षा फार वेगाने तापतोय. पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो. तो वितळला की खालचा काळपट समुद्र तेच ऊन शोषून घेतो आणि तापमान आणखी वाढतं. १९७९ पासून आर्क्टिक जागतिक सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापल्याचं फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलं.

फ्रान्सिस यांचं म्हणणं असं, की ध्रुव तापला म्हणजे विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यातला फरक कमी झाला. मग जेट स्ट्रीमही मंदावणार. सह्याद्रीच्या उतारावर नदी सुसाट धावते, सपाटीला आली की वळणं घेत रेंगाळते. तसंच मंद झालेली जेट स्ट्रीम जास्त वळणं घेईल, लाटा अडकतील आणि उष्णतेची लाट, पूर, कडाक्याची थंडी जास्त दिवस टिकेल.

मग वाद कशावरून आहे?

कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या एलिझाबेथ बार्न्स यांनी २०१३ मध्ये हीच आकडेवारी तपासली. लाटा मोजण्याची पद्धत बदलली की निष्कर्षही बदलतो, हे त्यांनी दाखवून दिलं. २०२० मध्ये रसेल ब्लॅकपोर्ट आणि जेम्स स्क्रीन यांनी पुढच्या वर्षांचे आकडे जोडले. आर्क्टिक तापतच होता, पण जेट स्ट्रीमची वळणं वाढत गेलेली दिसली नाहीत.

दुसरा मुद्दा रस्सीखेचीचा आहे. जमिनीलगत ध्रुव जास्त तापतोय, त्यामुळे फरक घटतोय. पण १० किलोमीटर उंचीवर उष्ण कटिबंधातली हवा जास्त तापतेय, त्यामुळे तिथे फरक वाढतोय. म्हणजे जेट स्ट्रीमला दोन्ही बाजूंनी ओढ बसतेय.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वाऱ्याचा मूळचा लहरीपणा. चार-पाच पावसाळ्यांच्या आकड्यांवरून आपल्याकडचा पाऊस कायमचा वाढला की घटला, हे ठरवता येत नाही. जेट स्ट्रीमचंही तसंच आहे. ग्रीनलंडच्या बर्फातल्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी अटलांटिकवरच्या जेट स्ट्रीमचा सुमारे १,२५० वर्षांचा इतिहास २०२१ मध्ये मांडला. ती पूर्वीही बरीच वर-खाली सरकत होती, असं त्यातून दिसलं. पण तापमानवाढ अशीच राहिली, तर २०६० च्या सुमारास ती या नैसर्गिक मर्यादेबाहेर जाऊ शकते, असा इशाराही त्याच अभ्यासात आहे.

भारताचा याच्याशी काय संबंध?

हिवाळ्यात पश्चिमी जेट स्ट्रीमची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेकडून वाहते. तिच्यासोबत भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ येतात. उत्तरेतल्या गव्हाला पाऊस आणि हिमालयाला बर्फ त्यांच्यामुळे मिळतो. हाच प्रवाह जास्त दक्षिणेकडे झुकला, की महाराष्ट्रातही अवकाळी पाऊस आणि गारपीट होऊ शकते.

जूनमध्ये ही जेट स्ट्रीम हिमालयाच्या उत्तरेला सरकते आणि भारतीय द्वीपकल्पावर उलट्या दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे, दुसरी जेट स्ट्रीम वाहू लागते. पुढे भारतीय हवामान विभागाचे प्रमुख झालेले पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात या पूर्वी जेट स्ट्रीमवर मोलाचं संशोधन केलं. २०१३ च्या जूनमध्ये मान्सून आणि पश्चिमी विक्षोभ उत्तराखंडवर एकत्र आले, तेव्हा केदारनाथला काय झालं, हे देशाने पाहिलं.

वाद आहे म्हणजे तापमानवाढ खोटी?

अजिबात नाही. पृथ्वी तापतेय आणि त्यामुळे उष्णतेच्या लाटा जास्त तीव्र होतायत, याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये वाद नाही. गरम हवा जास्त बाष्प धरते, म्हणून मुसळधार पावसाचा जोरही वाढतोय. वाद आहे तो वाऱ्याची वाट किती बदलेल याचा.

पण हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेतला नाही. तापमान किती वाढेल, हे सांगून धरणातून पाणी कधी सोडायचं किंवा हरभरा कधी काढायचा, हे ठरत नाही. त्यासाठी पाऊस कुठे आणि किती दिवस अडकून राहील, हे कळावं लागतं. ते उत्तर बऱ्याच अंशी जेट स्ट्रीमकडे आहे. त्यामुळे फ्रान्सिस यांचा सिद्धांत पूर्ण खरा ठरो वा अर्धा, त्यांनी विचारलेला प्रश्न आज अनेक देशांतले शास्त्रज्ञ सोडवू पाहतायत.