पंगतीत न बसणारे पाहुणे

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिले चित्र उमटेपर्यंत जे काही क्षण जातात, ते आपण चहाचा घोट घेण्यात किंवा चष्मा शोधण्यात घालवतो. यंत्राच्या दृष्टीने मात्र तो मोठ्या धांदलीचा वेळ असतो. आत कोण कोण आले आहे, कोणाला किती जागा हवी, कोणाच्या हाकेला ओ कशी द्यायची, याचा सगळा बंदोबस्त तेव्हाच होतो. तो करणाऱ्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. मदरबोर्डावरच्या एका चिपमध्ये त्याचा मुक्काम असतो आणि वीज गेली तरी तो पुसला जात नाही. विंडोज, लिनक्स वगैरे मंडळी त्याच्यानंतर जागी होतात. लग्नघरात पाहुणे उठायच्या आत कोणीतरी पहाटे चारला उठून बंब पेटवून ठेवलेला असावा, तसा हा प्रकार.

बंब पेटवणाऱ्याची आठवण फोटोत कुठे नसते. फर्मवेअरचेही तसेच. पण त्याच्या कामातला एक भाग मला फार विचार करण्याजोगा वाटतो. नियम पाळणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था कोणीही लावील. जे नियमात बसत नाहीत, त्यांचे काय करायचे?

सर्वांसाठी रस्ता

संगणकातही बस असते, असे सांगितले की पुणेकराच्या डोळ्यांपुढे पीएमपीची गर्दी उभी राहते. तो अगदीच चुकतो असे नाही. हा शब्द ज्या ‘ऑम्निबस’ वरून आला, त्याचा लॅटिनमधला अर्थ ‘सर्वांसाठी’. संगणकातली बस म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि वेगवेगळी कार्डे यांनी मिळून वापरायच्या तारा, आणि त्या तारांवर कोणी केव्हा बोलायचे याचे नियम. या नियमांमुळेच एका देशात बनलेले कार्ड दुसऱ्या देशात बनलेल्या मदरबोर्डावर मुकाट्याने चालते.

गंमत अशी की, घराघरांत पोचलेल्या संगणकाच्या बाबतीत रीत आधी आली आणि नियम मागाहून लिहिला गेला. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी बाजारात आणला आणि त्याची सर्किटे व अंतर्गत प्रोग्रॅम छापलेले तांत्रिक पुस्तकही विकले. १९८४ साली एटी हे मोठे भावंड आले. इतर कंपन्यांनी ती बस जशीच्या तशी उचलली. तिला ‘आयएसए’ हे नाव तर १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आयबीएमच्या प्रतिस्पर्ध्यांनी दिले.

या जुन्या बसमध्ये मुळात ओळख करून देण्याची पद्धतच नव्हती. ‘मी अमुक, मला इतकी जागा हवी’ असे कार्ड सांगत नसे. दोन कार्डांनी एकाच तारेवरून हाक मारायला सुरुवात केली की दोन्ही गप्प होत किंवा यंत्रच अडकून बसे. त्या काळात ज्यांनी घरी संगणक जुळवला असेल त्यांना आठवेल, दिव्याखाली कार्ड धरून चिमट्याने इवलेसे जंपर इकडून तिकडे करण्यात अख्खा रविवार जाई.

१९९२ साली इंटेलने पीसीआय नावाची बस पुढे आणली आणि पंगतीला शिस्त आली. प्रत्येक कार्डाने २५६ बाइटचे ओळखपत्र बाळगायचे. त्यात बनवणाऱ्याचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक, उपकरण कोणत्या जातीचे ते, सगळे ठरल्या जागी. फर्मवेअर पाटापाटावर जाऊन विचारते, ‘कोण आहे?’ कोणी नसेल तर उत्तरात नुसते एक, एक, एक असे आकडे येतात. कोणी असेल तर पुढचा प्रश्न, ‘जागा किती लागेल?’ ही विचारण्याची तऱ्हाही मजेदार आहे. ठरावीक कप्प्यात सगळीकडे एक लिहायचे आणि परत वाचायचे. जे आकडे बदलायला तयार नसतात त्यांवरून कार्डाची गरज कळते. चिमटा नको, दिवा नको.

आजीच्या वहीतली नोंद

मग बिघडते कुठे? काही कार्डे मागतात एक आणि त्यांना लागते दुसरेच. एखादे सांगते त्यापेक्षा त्याला जास्त जागा हवी असते. एखाद्याला विशिष्ट अंतरावरच जागा दिली तर चालते, पण तसे ते सांगत नाही. एखादे स्वतःची जातच चुकीची लिहून आणते. यात दरवेळी लबाडी असते असे नाही. कधी घाई असते, कधी नियमाच्या भाषेचे दोन अर्थ निघतात. पण सिलिकॉनमध्ये एकदा कोरलेली चूक खोडता येत नाही, आणि ती ध्यानात येईपर्यंत हजारो नग विकले गेलेले असतात. फर्मवेअर मात्र बदलता येते. मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये असे आपण म्हणतो, पण इथे तेच होते. ज्याला बदलणे शक्य, त्याच्याच अंगावर दुसऱ्याची चूक येते.

या दुरुस्तीची सोय चोरून मारून केलेली नाही, ती चक्क नियमपुस्तकात आहे. आजच्या संगणकांतल्या यूईएफआय पद्धतीच्या फर्मवेअरसाठी जी प्रमाणे आहेत, त्यांत ‘पीसीआयच्या नियमांशी न जुळणाऱ्या उपकरणांचा आधार’ अशा अर्थाचे एक स्वतंत्र कलम आहे. जागावाटप करताना फर्मवेअर पाच आकडे पुढे करते: बनवणारा कोण, उपकरण कोणते, आवृत्ती कितवी, आणि ज्या कार्डावर ते बसवले त्याचे दोन क्रमांक. यादीत नाव सापडले तर कार्ड स्वतः काय सांगते ते बाजूला ठेवायचे आणि यादी सांगेल तशी जागा द्यायची. लिनक्सच्या गाभ्यातही पीसीआयच्या अशा तऱ्हेवाईक उपकरणांसाठी एक फाइल आहे. तिचे नावच ‘क्वर्क्स’, म्हणजे तऱ्हा. ती हजारो ओळींची आहे आणि अजून वाढतेच आहे.

जुन्या घरांतल्या आजीकडे अशी एक वही असे. अमक्या काकांना कांदा चालत नाही. तमक्या मावशींचा गुरुवार असतो. थोरल्या मामांना दाराजवळचा पाट द्यावा, त्यांना मध्येच उठावे लागते, पण ते स्वतःहून सांगणार नाहीत. पंगत नीट उठली ती नियमामुळे असे सगळ्यांना वाटे. खरे म्हणजे अर्धे श्रेय त्या वहीचे असे.

कर्वेनगरात आमच्या घराजवळ संगणक दुरुस्त करणारा एक तरुण आहे. मागे मी विकत घेतलेले एक कार्ड माझ्या संगणकात चालेना. विकणारा म्हणे मदरबोर्ड सदोष, मदरबोर्डवाले म्हणत कार्ड सदोष. या तरुणाने दोन्ही तपासली आणि म्हणाला, ‘‘काका, दोघंही चांगली आहेत. त्यांचं एकमेकांशी पटत नाही, एवढंच. नवं बायोस टाकून बघू.’’ टाकले, आणि कार्ड चालू लागले. कुठल्या तरी अनोळखी इंजिनिअरने त्या नव्या आवृत्तीत असल्या भांडणावरचा तोडगा घालून ठेवला असणार. त्याचे नाव मला कधीच कळणार नाही.

नियमाने ज्यांना विचारलेच नाही

न बसणारा प्रत्येक पाहुणा चुकलेलाच असतो असे मात्र समजू नये. काही वेळा नियम लिहिणाऱ्याला तो पाहुणा ठाऊकच नसतो. याचे सर्वात जवळचे उदाहरण पुण्यातलेच आहे, आणि तो पाहुणा म्हणजे आपली देवनागरी.

पीसीच्या अक्षरी पडद्यावर ८० रकाने, २५ ओळी आणि एकूण २५६ चिन्हे. एका चौकोनात एक चिन्ह, की पुढचा चौकोन. इंग्रजीला ते पुरेसे होते. पण आपली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. जोडाक्षरे तर किती सांगावीत! पडद्याच्या त्या चौकटीत देवनागरी मावत नव्हती. कानपूरच्या आयआयटीत यावर काम सुरू झाले होते. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाल्यावर मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ते इथे पुढे गेले आणि ‘जिस्ट’ कार्ड तयार झाले. संगणकाच्या खाचेत हे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅम मराठी, हिंदी, तमिळ दाखवू लागत. बिचाऱ्या प्रोग्रॅमला आपल्या पडद्यावर ज्ञानेश्वरांची भाषा उमटते आहे याचा पत्ताही नसे.

इथे देवनागरीचा दोष काय होता? काहीच नाही. पंगतीची आखणी झाली तेव्हा तिला कोणी बोलावले नव्हते, इतकेच. त्या कार्डाने आधी सोय केली, आणि प्रमाण हळूहळू मागून आले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण जाहीर केले. त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीच्या आधारावर युनिकोडमधली देवनागरी मांडली गेली. आज नातवंडांचा मराठी निरोप मोबाइलवर येतो, त्याच्या मुळाशी ही वाटचाल आहे.

मी ज्या भागात राहतो त्याला असला धडा नवा नाही. कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. गणिताचे प्राध्यापक असलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत आणला. समाजाच्या पंगतीत ज्यांना पाटच नव्हता, त्यांच्यासाठी मांडलेला तो पाट होता. त्याच संस्थेचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून इथे मुलींना इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शिकवते आहे.

सोय आणि लाड

तरीही प्रत्येक तऱ्हेवाईकाची सोय करत बसावे का? इंटरनेटच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेल्या जॉन पोस्टेल यांनी १९८० च्या सुमारास एक सूत्र मांडले होते. त्याचा आशय असा, की स्वतः बोलताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे ऐकताना उदार असावे. सूत्र सुंदर आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे. ऐकणारा सगळेच चालवून घेऊ लागला की बोलणाऱ्याला सुधारायचे कारण उरत नाही. आज केलेली सोय उद्या हक्क होऊन बसते.

शिवाय काही चुका चालवून घेणे धोक्याचे असते. यूएसबी-सी जातीच्या केबल आता घरोघरी आहेत. त्या नव्या होत्या तेव्हा, २०१५ साली, गूगलचे इंजिनिअर बेन्सन लेउंग यांनी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या केबल स्वतः विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. जुन्या यूएसबीपासून यूएसबी-सीकडे जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रेझिस्टर हवा. अनेक केबलांत १० किलोओहमचा होता. अशी केबल मोबाइलला सांगते, ‘घे, भरपूर वीज आहे,’ आणि पलीकडचा लहानसा चार्जर ओढ सहन करू शकत नाही. २०१६ साली तर एका केबलमधल्या तारांची जोडणीच उलटी निघाली आणि तिने त्यांचा लॅपटॉप व तपासणीची उपकरणे निकामी केली. इथे कोणतेही फर्मवेअर सांभाळून घेऊ शकत नाही. इथे नकारच द्यायला हवा.

दिलाने कबूल केले तर सुधारणाही होते. २०१९ सालच्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात यूएसबी-सीच्या दोन तारांना वेगवेगळे रेझिस्टर हवे होते, तिथे दोघींत एकच ठेवला गेला. साध्या केबलवर तो चाले, पण चिप असलेल्या भारी केबलवर त्याला वीजच मिळेना. बनवणाऱ्यांनी चूक मान्य केली आणि पुढच्या बोर्डात ती दुरुस्त झाली.

मला वाटते, तऱ्हेवाईकांच्या यादीचे तीन नियम असावेत. नोंद नावानिशी असावी, कारणासह असावी, आणि जिथे माणसाला किंवा यंत्राला इजा होईल तिथे सोय नसावी. चौथी अपेक्षा आपली, ग्राहकांची. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत ठणठणीत चालणारी जुनी यंत्रे केवळ त्यांच्या कार्डाला नव्या संगणकात थारा नाही म्हणून भंगारात जातात. वही लिहिणारी आजी घरातून गेली की मामांना दाराजवळचा पाट कोण देणार? म्हणून नवे यंत्र घेताना रंग आणि किंमत यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदाराला विचारावा: याचे फर्मवेअर कंपनी किती वर्षे अद्ययावत ठेवणार आहे? पुष्कळांनी विचारला, तर उत्तर देणे कंपन्यांना भाग पडेल.