बर्फावरची नात आणि आजोबांची गोळी

फिगर स्केटिंग हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. सुमारे ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असे बर्फाचे गुळगुळीत मैदान, पायांत घोट्याच्या वर जाणारे बूट, बुटाच्या तळाशी जेमतेम चार मिलिमीटर जाडीचे पोलादी पाते आणि त्या पात्यावर तोललेली एक मुलगी. संगीत सुरू होते. चार मिनिटे ती बर्फावरून वाहत जाते, मध्येच उडी घेते, हवेत तीन वा चार गिरक्या पूर्ण करते आणि मागे सरकत एकाच पायावर उतरते. पंच गुण देतात. खेळ एवढाच, पण पाहणाऱ्याचा श्वास त्या एका पायावर अडकून राहतो.

१७ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्पर्धेचा अंतिम भाग झाला, तो मी पडद्यावर पाहिला. त्या दिवसांत एका औषधाचे नाव जगभर गाजत होते. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या गोळ्यांच्या डब्यात ते आज, या क्षणी असेल, म्हणूनच या स्पर्धेविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन. औषधाचे नाव ट्रिमेटाझिडीन. छातीत दुखण्याच्या, म्हणजे अंजायनाच्या रुग्णांना आम्ही ते सर्रास लिहून देतो.

कामिला वालियेवा ही १५ वर्षांची रशियन मुलगी त्या स्पर्धेतली सर्वांत तेजस्वी खेळाडू होती. तिचे हात, मान, पाठ यांची एकच अखंड रेषा होत असे. २५ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात हे औषध सापडले. पण स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला तो ऑलिंपिक सुरू झाल्यानंतर. ती अल्पवयीन असल्याचे एक कारण धरून क्रीडा लवादाने तिला तात्पुरती मुभा दिली. ती पहिल्या तिघींत आली तर पदकप्रदान होणारच नाही, असे ऑलिंपिक समितीने आधीच जाहीर केले. एरवी अंतिम भागात २४ जणी असतात, त्या दिवशी २५ होत्या. वालियेवामुळे कुणाची जागा हिरावली जाऊ नये म्हणून. अशा सावटाखाली शाळकरी वयाची एक मुलगी सर्वांत शेवटी बर्फावर उतरली. त्याआधीच्या लघु कार्यक्रमात ती पहिली होती.

तिच्या आधी अलेक्झांड्रा ट्रुसोवाने पाच वेळा चार गिरक्यांच्या उड्या घेतल्या होत्या. पाच! अशी उडी हवेत एका सेकंदाहूनही कमी वेळ टिकते आणि उतरताना त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपट वा त्याहूनही अधिक भार येतो. मी गुडघे, घोटे आणि मणके पाहत होतो. शरीर जितके हलके आणि सडपातळ तितकी गिरकी वेगवान, हे साधे भौतिकशास्त्र आहे. म्हणूनच चार गिरक्यांचा हा मोसम पंधरा ते सतरा या वयात येतो आणि वयात येताना कंबर, मांड्या भरल्या की ओसरू लागतो. हाडांची वाढ पूर्ण होण्याच्या आणि त्यांत चुना साठण्याच्या याच वर्षांत अपुरे अन्न आणि अति सराव यांची जोड झाली, तर पाळी थांबते, हाडे कमकुवत होतात. २०१४ मध्ये सोची येथे अवघ्या १५ व्या वर्षी सांघिक सुवर्ण जिंकणारी युलिया लिपनित्स्काया १९ व्या वर्षी निवृत्त झाली. तिला अन्नच नकोसे होण्याच्या विकारावर, अॅनोरेक्सियावर, उपचार घ्यावे लागले होते.

वालियेवाच्या चार मिनिटांविषयी लिहिणे जड जाते. संगीत राव्हेलच्या ‘बोलेरो’चे, एकाच लयीत चढत जाणारे, आणि बर्फावरची मुलगी मात्र क्षणाक्षणाला उतरत चाललेली. ती पडली, उठली, अडखळली, पुन्हा पडली. खेळ संपल्यावर तिने निराशेने हात झटकला. बर्फाबाहेर पाऊल ठेवताच प्रशिक्षिकेने तिला जवळ घेण्याऐवजी, लढणे का सोडलेस, असे विचारले. ते कॅमेऱ्याने टिपले. त्या वागण्यातला थंडपणा पाहून आपण हादरलो, असे ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. वालियेवा चौथी आली. सुवर्ण अॅना शेरबाकोवाला मिळाले आणि ती हातात एक मऊ खेळणे घेऊन बराच वेळ एकटीच उभी होती. रौप्यपदक मिळालेली ट्रुसोवा, सर्वांकडे सुवर्ण आहे, माझ्याकडेच नाही, असा आक्रोश करत होती. पहिल्या दोघी सतरा वर्षांच्या.

तिसरी आली ती जपानची काओरी साकामोतो, २१ वर्षांची. चार गिरक्यांची उडी तिच्याकडे नव्हतीच. तिच्याकडे वेग होता, खोल आणि निःशब्द घसरण होती, गुडघा पुरता वाकवून उतरण्याची सवय होती. ती खेळत असताना मला कोणत्याच हाडाची काळजी वाटली नाही. त्या संध्याकाळी निर्मळ आनंदाने रडलेली मी पाहिली ती हीच एक.

आता त्या गोळीकडे वळू. वालियेवाच्या बाजूने मांडण्यात आले की, औषध तिच्या आजोबांचे. त्यांच्या संपर्कातून, पेल्यातून वा अन्नातून, त्याचा अंश तिच्या पोटात गेला असावा. पुढे आजोबांनी केलेल्या स्ट्रॉबेरीच्या गोड पदार्थाचाही उल्लेख झाला. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने हे स्पष्टीकरण सिद्ध झालेले नाही असे ठरवून तिच्यावर २५ डिसेंबर २०२१ पासून चार वर्षांची बंदी घातली. निकाल तो निकाल. परंतु आजोबांच्या औषधाचा हा मुद्दा ऐकताना माझ्यासमोर आपल्या घरांतील स्वयंपाकघराचे ओटे उभे राहिले. आजोबांना गोळी गिळवत नाही म्हणून सूनबाई ती खलबत्त्यात कुटते आणि त्याच खलबत्त्यात मग वेलदोडे कुटले जातात; आजीने अर्धवट ठेवलेले औषधी पाणी नातू पिऊन टाकतो. नातवंडांना कुणी उत्तेजक चाचणीसाठी बोलावणार नाही, हे खरे. पण रक्तदाबाची वा मधुमेहाची एखादी गोळी लहान मुलाला घातक ठरू शकते, हे कोणत्याही बालरुग्ण कक्षात विचारावे.

कुटण्याचा आणखी एक तोटा आहे. ट्रिमेटाझिडीनच्या पाकिटावर बहुधा ‘एमआर’ अशी अक्षरे असतात. या गोळीतून औषध तासन्‌तास थोडे थोडे सुटावे अशी तिची घडण असते. कुटली की ती घडण मोडते आणि सगळे औषध एकदम अंगात उतरते. अशी गोळी अखंडच गिळायची. गिळवत नसेल तर डॉक्टरांकडून पर्याय मागायचा.

हे औषध करते काय? हृदयाचे स्नायू एरवी बरेचसे इंधन स्निग्धाम्लांतून मिळवतात. ट्रिमेटाझिडीन त्यांना ग्लुकोजकडे वळवते, ज्यासाठी प्राणवायू तुलनेने कमी लागतो. अरुंद रक्तवाहिन्यांच्या हृदयाला तेवढीच उसंत. निरोगी पंधरा वर्षांच्या हृदयाला ते हवे कशाला, हा प्रश्न विचारावा तितका थोडा. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत ते २०१४ पासून आहे.

आमच्या ज्येष्ठ वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या औषधाने काही वृद्धांमध्ये कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात: हात थरथरणे, अंग ताठरणे, पावले आखूड पडणे, चालताना तोल जाणे. युरोपीय औषध संस्थेने २०१२ मध्ये याचा आढावा घेऊन वापरावर मर्यादा आणल्या. चक्कर व कानांतील आवाज यांसाठी ते देऊ नये, आणि कंपवात असलेल्यांना तसेच मूत्रपिंड फार बिघडलेल्यांना अजिबात देऊ नये, असे सांगितले. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. वयाबरोबर मूत्रपिंड मंदावते आणि ते शरीरात साचू लागते. ‘आता वय झाले’ म्हणून घरचे ज्या लटपटत्या चालीकडे दुर्लक्ष करतात, तिचे कारण क्वचित या गोळीत असते आणि गोळी थांबवल्यावर बहुधा काही महिन्यांत चाल सुधारते. बर्फावरच्या मुली पडायला शिकलेल्या असतात, कंबरेवर घसरत जातात; सत्तरीतला माणूस न्हाणीघरात पडतो तो खुब्यावर.

तरीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पाकीट, क्रिएटिनिनचा ताजा अहवाल आणि थरथर केव्हापासून सुरू झाली याची नोंद घेऊन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना भेटावे. सांभाळणाऱ्यांनी ही नोंद ठेवावी. रुग्णाच्या स्वतःच्या ध्यानात ती यायला उशीर होतो.

स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघाने जून २०२२ मध्ये प्रौढ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेण्याचे ठरवले. बीजिंगला खेळलेली आणखी एक मुलगी, अमेरिकेची अॅलिसा लिऊ, त्याच वर्षी सोळाव्या वर्षी खेळ सोडून गेली. ती कॉलेजात शिकली, एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालून आली, दोन वर्षांनी परतली ती सराव किती करायचा आणि संगीत कोणते घ्यायचे हे स्वतः ठरवण्याच्या अटीवर. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला ती १९ व्या वर्षी जगज्जेती झाली, चार गिरक्यांच्या एकाही उडीशिवाय. तिच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर आली काओरी साकामोतो, तेव्हा २४ वर्षांची, तशीच गुडघा पुरता वाकवून उतरणारी.