जांभळाने गिळलेला उजेड

थांबा रे पोट्टेहो, शर्टावरच्या त्या जांभळाच्या डागावर एवढ्यात साबण घासू नका. आजी ओरडली तर तो ओरडा माझ्या वाटणीचा. आधी डागाच्या एका टोकाला लिंबू पिळा. झाला ना गुलाबी? आता दुसऱ्या टोकाला साबणाचं पाणी लावा. बघा, निळसर पडला. डाग एकच, त्यातलं रंगद्रव्यही एकच. त्याला अँथोसायनिन म्हणतात. आंबटाच्या संगतीत ते लाल होतं, साबण-सोड्याच्या संगतीत निळं-हिरवं.

झाड हे द्रव्य काही तुमच्या शर्टासाठी बनवत नाही. कच्चं जांभूळ हिरवं असतं, पानांत लपून बसतं, कारण आतली बी अजून तयार नसते. बी तयार झाली की मृगाच्या आगेमागे फळ गुलाबी होतं, मग काळंभोर. बुलबुलाला दुरून दिसावं म्हणून ही सगळी रंगरंगोटी. वटवाघळाला मात्र रात्री रंगाचं काय कौतुक? ते वासावर येतं. कडक उन्हापासून सालीचा बचाव करायलाही हे द्रव्य कामी येतं. आहारशास्त्रवाल्यांना त्याचं अप्रूप वेगळ्याच कारणासाठी आहे. पेशींची नासधूस करणाऱ्या रेणूंना ते काचनळीत आवर घालतं. माणसाच्या पोटात गेल्यावर नेमकं किती काम करतं, यावर शास्त्रज्ञांची खडाजंगी अजून चालू आहे. जांभळाने अमका रोग बरा होतो असं कोणी छातीठोक सांगितलं, तर हो म्हणा आणि जांभूळ खात राहा.

“आबा, मग हे द्रव्य नाल्याकाठच्या जांभळात जास्त असतं की आपल्या बांधावरच्या?”

ते मोजल्याशिवाय कसं कळणार? खरी गोष्ट इथून सुरू होते. सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. जांभळाचं आंबट पाणी त्यातला हिरवा भाग, ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा, गिळून टाकतं. उरलेला उजेड आपल्या डोळ्यांत येतो, त्यालाच आपण रंग म्हणतो. द्रव्य जितकं जास्त, तितका उजेड जास्त गिळला जातो. म्हणजे गिळलेला उजेड मोजला की द्रव्य मोजलं.

प्रयोगशाळेत हे काम असं चालतं. साल कुटायची, आंबट केलेल्या अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची. मग त्या रसाचे दोन भाग करायचे. एक भाग खूप आंबट करायचा, सामू (पीएच) १. दुसरा जरा कमी आंबट, सामू ४.५. दोन काहून? तर चांगलं अँथोसायनिन पहिल्यात गडद लाल दिसतं आणि दुसऱ्यात जवळजवळ बिनरंगी होतं. पण जे द्रव्य आधीच नासून तपकिरी झालंय, ते दोन्हींत तसंच राहतं. एका मोजणीतून दुसरी वजा केली की नासकं आपोआप बाहेर पडतं. मला ही युक्ती फार आवडते. पण यात वेळ जातो, रसायनं लागतात, आणि ज्या जांभळाची परीक्षा झाली ते जांभूळच उरत नाही.

फळ न फोडता आत डोकावता येईल का? त्याची वाट १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या माणसाला सापडली, तीही अवचित. हा मूळचा वाजंत्री, संगीत शिकवणारा. दुर्बिणी घडवता घडवता त्याला १७८१ मध्ये युरेनस ग्रह सापडला. त्याने लोलकातून ऊन टेबलावर पसरवलं आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. जांभळ्याकडून लालकडे जाताना पारा चढत गेला. मग तापमापक लालच्याही पलीकडे सरकवला, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. पारा आणखी चढला! न दिसणारा उजेड होता तो. त्याला आपण अवरक्त म्हणतो.

उजेड पट्ट्यापट्ट्यांनी वाचायची ही विद्या आपल्या शेजारीही येऊन गेली आहे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. वर्धा नदीच्या पल्याड पुलगाव आहे ना, तिथे २२ जानेवारी १८९८ला भर दुपारी अंधारलं. खग्रास ग्रहण. कॅप्टन हिल्स आणि केंब्रिजचे न्यूआल हे दोघे आपली यंत्रं मांडून तिथे बसले होते. जेमतेम दोनेक मिनिटांत सूर्याच्या कडेच्या उजेडाचे पट्टे त्यांनी फोटोत पकडले. त्याच दिवशी सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे कावसजी नायगमवाला हेच करत होते. कोट्यवधी मैलांवरच्या सूर्यात काय आहे ते नुसत्या उजेडावरून कळतं, तर हातातल्या जांभळाचं का कळू नये?

आता त्या अवरक्ताकडे या. रेणूंमधले अणू झोपाळ्यासारखे हलत असतात, आणि जो उजेड त्यांच्या ठेक्यात येतो तोच ते गिळतात. साखरेचा ठेका वेगळा, पाण्याचा वेगळा. कोरोनाच्या साली आजीच्या बोटाला चिमटा लावला होता, आठवतं? त्यातही लाल आणि अवरक्त असे दोन दिवे असतात आणि ते रक्तातला प्राणवायू सांगतात. जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ साली ती युक्ती मांडली. रक्ताचं दोन दिव्यांवर भागतं, फळासाठी मात्र उजेडाचे शेकडो पट्टे वाचावे लागतात. कारण जांभळात बहुतेक पाणीच, आणि ते पाणी अवरक्तात एवढा गोंगाट करतं की बाकीच्यांचा आवाज दबून जातो. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या कार्ल नॉरिस यांनी धान्याच्या बाबतीत हा गुंता गणिताने सोडवायला घेतला, १९६०च्या दशकात. आज खिशात मावणारी यंत्रं निघाली आहेत. फळावर टेकवलं की काही सेकंदांत आकडा.

पण आकड्यावर एकदम भुलू नका. यंत्राला जांभूळ ठाऊक नसतं, ते शिकवावं लागतं. आधी शेकडो जांभळांवर उजेड टाकायचा, मग तीच जांभळं फोडून कुटून सामू १ आणि ४.५ची ती सगळी उस्तवार करायची, आणि दोन्हींची सांगड घालून द्यायची. युरोपातल्या ब्लूबेरीवर शिकलेलं यंत्र आपल्या जांभळावर टेकवलं तरी आकडा देईलच, चुकीचा, आणि तोही बिनदिक्कत. दुसरी खोच अशी की काळ्याभोर सालीत दिसणारा उजेड जवळजवळ सगळाच गडप होतो. त्यामुळे कधी कधी यंत्र रंगद्रव्य मोजतच नाही. ते साखर बघतं, पिकलेपण बघतं, आणि त्यावरून रंगद्रव्याचा अंदाज ठोकून देतं. दुष्काळात साखर आणि रंग यांचं गणित बिघडलं की अंदाजही बिघडणार.

“मग याचा उपयोग कोणाला, आबा?”

कापसाचं पाहता ना? ओलावा मोजायचं यंत्र खरेदी केंद्रावर असतं, आपल्या घरी नसतं. आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला, बाराच्या वर गेला की कापूस परत. ते यंत्र विजेवर चालतं, हे उजेडावर चालेल, पण येईल आधी घेणाऱ्याच्याच हातात. रस काढणाऱ्या कारखान्याला कळेल कोणत्या टोपलीत दम आहे, आणि घाटंजी-पांढरकवड्याकडे पळसाच्या द्रोणात जांभळं विकणारी बाई मात्र सगळी एकाच भावाने देईल. माझं विचाराल तर असलं पहिलं यंत्र कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर जावं. त्याला शिकवायला वेगवेगळ्या झाडांची जांभळं लागणारच आहेत, आणि कोणत्या नाल्यावरचं झाड आंबट, कोणतं तुरट, कोणतं मधासारखं गोड हे तिथल्या बायांना तोंडपाठ असतं.